चोवीस अंगठे

बाळकुम, ठाणे
२ एप्रिल

चि. दर्शना,

जय भीम.

सहा वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस. त्यामुळे हे पत्र तू उघडशील की नाही, हीच पहिली काळजी. उघडलंस तर शेवटपर्यंत वाच. अक्षर सातवी शिकलेल्या माणसाचं आहे, पण तुला ते वाचायची सवय आहे.

तू आहेस त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. राकेश म्हणाला, पत्रात नको. मी नुसतं 'तिकडे' म्हणतो. तिकडे निवडणुकीपासून इंटरनेट बंद आहे, फोन लागत नाही, पण तुझ्या दिल्लीच्या कचेरीतून दर गुरुवारी टपालाची थैली जाते म्हणे. त्यात हे टाकायला राकेशनंच पत्ता काढून दिला, भाऊच तो तुझा.

वकिलातीतल्या फोनवरून तू राकेशशी पाच मिनिटं बोललीस, त्यातलं त्यानं मला अर्धंमुर्धं सांगितलं. आपल्या सरकारनं तिकडची निवडणूक बघायला सात जणांचं पथक पाठवलं, त्यात तू. नदीपलीकडच्या एका केंद्रावर नोंदवहीत जेवढे मतदार, त्याच्यापेक्षा पेटीत एकशे साठ चिठ्ठ्या जास्त निघाल्या. तू स्वतः मोजल्यास. आता पथकाचं एकच निवेदन जाणार, निवडणूक शांततेत आणि व्यवस्थित झाली म्हणून. सहा सह्या झाल्या. सातवी तुझी, ती तू देत नाहीस.

दर्शना, सही कर आणि घरी ये.

मला राजकारण कळत नाही, पण बातम्या बघतो. तिकडचं सरकार आपल्याशी गोडीनं आहे. आपला रस्ता तिथून जातो, आपली वीज तिथं जाते. ते सरकार रुसलं तर दुसरा मोठा शेजारी दारात उभाच आहे. हे सगळं तुझ्या वरच्या साहेबांनी तुला सांगितलं असेलच. एवढा मोठा व्यवहार, त्यात एका केंद्राच्या एकशे साठ चिठ्ठ्या घेऊन तू एकटी उभी. तिकडे रस्त्यावर टायर जाळतात. तू राहतेस तिथल्या दाराला आतून कडी आहे का? पाणी उकळून पितेस का? तुझं पोट पहिल्यापासून नाजूक.

तू दिल्लीला जायच्या आधी कल्याणच्या चाळीत जेवण केलं होतं. त्या दिवशी तू भरल्या ताटावरून उठून गेलीस. कशामुळे, ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी काही वावगं बोललो असेन तर ते सोडून दे.

तुझी आई आत्ता मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "काय लिहिताय?"

म्हटलं, "ख्यालीखुशाली."

"ख्यालीखुशालीला दोन पानं? सही कर म्हणून लिहिलंय ना? आणि कळलं नाही म्हणून पण लिहिलंय. वा!" आणि कुकर लावायला गेली.

तिचं मनावर घेऊ नकोस. सही कर.

तुझा बाप,
रामा


बाळकुम
९ एप्रिल

चि. दर्शना,

तुझं उत्तर नाही. थैली पोचली नसेल असं धरून दुसरं लिहितो.

आमच्या गेटवर एक वॉचमन आहे. खरं नाव लांबलचक आहे, बिल्डिंगमध्ये सगळे त्याला जगन म्हणतात. तो तिकडचाच. सतरा वर्षं ठाण्यात आहे, आधी वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यावर होता. बायको तिकडेच, गावी. दुपारी मी खाली त्याच्याजवळ बसतो, कारण घरात टीव्हीवर तिकडची बातमी लागली की माझा जीव घाबरा होतो.

परवा त्याला विचारलं, "बायकोनं मत दिलं का रे?"

"गेलेली काका. तिच्या नावावर आधीच कुणी तरी टाकून गेलेलं. आठ किलोमीटर चालून गेलेली ती."

मला राहवलं नाही. तुझं गुपित मी फोडलं, रागावू नकोस. म्हटलं, "जगन, माझी मुलगी तिकडेच आहे. सगळ्यांनी सह्या केल्या, ती एकटी करत नाही." मला वाटलं, हा माझ्या पाया पडेल.

तो उभाच राहिला. "काका, तिला सांगा गप्प राहा. मागे तुमच्या दिल्लीवाल्यांनी एकदा सांगितलं, इथं लोकशाही नीट चालवा. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मोर्चा. हिंदुस्थान आम्हाला शिकवतो काय, म्हणून. आणि पुढे झेंडा घेऊन कोण? ज्यांनी पेट्या भरल्या तेच. एका दिवसात ते देशभक्त झाले आणि आम्ही सगळे तुमचे दलाल."

"म्हणजे तिनं सही करावी?"

"केली तर ते सांगणार, बघा, हिंदुस्थाननं पण पास केलं. मग माझ्या बायकोनं कुणाकडे जायचं?"

"अरे, मग तिनं करायचं तरी काय?"

"ते मला काय माहीत काका. मी गेट सांभाळतो." आणि हसला. एक गाडी आली, तिला उठून सलाम केला.

दोन दिवस मी त्याच्यावर चिडून होतो. आता वाटतं तो बरोबर बोलला. बोललं तरी त्यांचाच फायदा, नाही बोललं तरी त्यांचाच. एवढे मोठमोठे लोक दिल्लीत बसतात, त्यांनाही याचं उत्तर सापडत नसेल. म्हणून तर ते 'शांततेत आणि व्यवस्थित' असं लिहून मोकळे होतात.

मागच्या पत्रात सही कर म्हणालो होतो. ते आता इतकं ठामपणे म्हणत नाही. पण सांभाळून राहा. मी पण मतदान केंद्रांवर तीस वर्षं शिपाई म्हणून बसलेला माणूस आहे. अशा गोष्टी होतात. एकदा एका ठिकाणी झालं तेव्हा मी फक्त हजर होतो. हजर माणूस काय करणार?

गुडघा दुखतो. राकेशनं पट्टा आणलाय, तो काचतो.

तुझा बाप,
रामा


बाळकुम
१७ एप्रिल

चि. दर्शना,

तुझं पत्र आलं. नऊ ओळी. मी त्या किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. जयंतीची मिरवणूक खालून चालली होती, राकेश ये ये म्हणत होता, मी गेलो नाही.

तू लिहितेस, तिकडच्या अधिकाऱ्यानं तुला भर बैठकीत विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे असं कधी होत नाही का?" आणि तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही. खाली लिहितेस, "का, ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. त्या जेवणाला मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुझ्या नोकरीचा आनंद म्हणून माणसं जमली होती आणि मी बढाई मारली की, पोरगी निवडणुकीची मोठी अधिकारी झाली, पण तिच्या बापानं एकदा चोवीस माणसांचं मतदान एकट्यानं केलंय. सगळे हसले. तू भाताचा घास खाली ठेवलास.

आता काय झालं होतं ते नीट सांगतो. तेव्हा तू ऐकून घेतलं नाहीस, आणि मी सांगण्यासारखं सांगितलंही नसतं.

बारा वर्षांपूर्वी खडवलीच्या पुढच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या एका जागेची पोटनिवडणूक होती. उमेदवार दोनच. काळुराम, घरची जमीन भरपूर, आणि सखुबाई, भाजी विकणारी. सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी उमेदवारांच्या माणसांसमोर मशीनवर नुसती चाचणीची मतं टाकतात. ती मोजून दाखवायची, मग पुसायची, मशीन शून्यावर आलेलं सगळ्यांना दाखवायचं आणि मगच रांग आत घ्यायची. हे तुला मी काय सांगणार, तुझं तर कामच हे.

सखुबाईचा माणूस म्हणजे तिचा दीर, तो वेळेवर आला नाही. काळुरामचा एकटा होता. तो गंमत म्हणून आपल्याच चिन्हावर बटण दाबत राहिला. चोवीस मतं पडली, त्यातली एकोणीस त्याची. इतक्यात बाहेर रांगेत दोघं मारामारीवर आले, आमचे केंद्राध्यक्ष साहेब धावले, परत येईपर्यंत वेळ झाली होती, आणि पुसायचं राहिलं. एवढीच चूक. ती कोणाच्याही हातून होईल.

संध्याकाळी मशीन नोंदवहीपेक्षा चोवीस जास्त दाखवायला लागलं. त्याच वेळी वर कळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी फेरमतदान झालं असतं, साहेबांना नोटीस आली असती, बस. साहेब घाबरले. त्यांनी सांगितलं तसं मी केलं. यादीत वीटभट्टीवर गेलेल्या माणसांची नावं होती. अशा चोवीस नावांपुढे मी अंगठे उठवले. दहा बोटं फिरवून फिरवून वापरली, कधी बोटाची कड, कधी शाई कमी. दोन्ही उमेदवारांची माणसं तेव्हा व्हरांड्यात चहा पीत होती. आकडा जुळला. सखुबाई अकरा मतांनी पडली.

साहेब चार वर्षांपूर्वी वारले.

मी तिला शोधायला जाणार आहे. तुझी आई येते म्हणाली. एकट्यानं जाऊन बाहेरूनच परत याल, असं तिचं म्हणणं.

तुझा बाप,
रामा


बाळकुम
२० एप्रिल

चि. दर्शना,

जाऊन आलो.

सखुबाई आता पासष्टीची आहे. ओसरीवर वाल सोलत बसली होती. तुझ्या आईनं सांगितलं, आम्ही ठाण्याहून आलो. तिला वाटलं आम्ही जागा बघायला आलो. "इकडं काय इकायचं नाय," म्हणाली.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ती सोलायची थांबली नाही. मला वाटलं, ऐकत नाही की काय.

मग म्हणाली, "एकोनीस त्याची. म्हंजे मी आठानं निवडून आलेली."

चोवीसमधली पाच तिचीच होती, म्हणजे काळुरामला फायदा चौदाचा झाला आणि ती पडली अकरानं. मी सांगितलं, "आठ नाही बाई. तीन."

"तीन तर तीन. तीन काय कमी हाय? माज्या दिराला मी बारा वर्सं शिव्या घातल्या. त्यानं मतं फोडली म्हनून. बोलनं टाकलं त्याच्याशी. मेला तवा पन गेले नाय त्याच्या दारात." मग तिनं वालाची परडी बाजूला सारली. "ते कोन परत आननार?"

दर्शना, मी जागेचा विचार करून गेलो होतो. पंचायतीची खुर्ची, ती हुकली, त्याची माफी. दिराचा विचार माझ्या मनात नव्हता.

तुझी आई तिच्याजवळ जाऊन बसली. परडी ओढून घेऊन वाल सोलायला लागली. मग मी म्हटलं, "बाई, मी तहसीलला लिहून देतो. कायद्यानं आता काही होणार नाही, पंधरा दिवसांची मुदत असते, बारा वर्षं गेली. पण लिहून देतो."

"कागुद कोन वाचतो? एक मेला गावची सभा हाय. तितं उभा रा नि सांग. माज्या दिराची पोरं बसलेली असतील, त्यांना आयकू दे."

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "मी बाहेरचा माणूस. मला तिथं बोलू देतील का?"

"अंगठं उठवलंस तवा कुटला होतास? गावचा?"

तुझ्या आईनं तोंडाला पदर लावला. घरी येईपर्यंत ती अधूनमधून हसत होती.

राकेश मात्र भडकला. "बाबा, तुम्हाला वेड लागलंय का? सरकारी नोकरीत केलेला गुन्हा आहे तो! उद्या पेन्शनवर आलं तर? कोणी विचारलंय तुम्हाला? साहेब मेले, विषय मेला."

मी म्हटलं, "सखुबाई जिवंत आहे."

"आणि दर्शनाचं काय? पेपरात आलं तर तिकडचे म्हणतील, हिच्या बापानंच बोगस मतदान केलं आणि ही आम्हाला शिकवते."

 रात्रभर हाच घोर. सकाळी ठरवलं, ते तूच ठरव. म्हणून मागच्या पत्राबरोबर हेही पत्र तुझ्याजवळ असू दे. फाडायचं असेल तर फाड. वाचून दाखवायचं असेल तर दाखव. माझी परवानगी आहे. त्या अधिकाऱ्यानं परत विचारलं, तुमच्याकडे असं होत नाही का, तर तू गप्प बसू नकोस.

मी एक मेला जाणार. पट्टा बांधून जाईन, पण जाईन.

तुझा बाप,
रामा


बाळकुम
१ मे

चि. दर्शना,

आता तू दिल्लीत आहेस, फोन चालू आहे, काल तू राकेशच्या फोनवर माझ्याशी बोललीस. दोनच मिनिटं, आणि त्यातलं एक मिनिट मी खोकत होतो. तरी हे लिहूनच सांगतो. फोनवर मी घाईत काही गाळतो, तुला माहीत आहे.

तू बोललीस ते बरोबर समजलो ना, ते बघ. तू सामाईक निवेदनावर सही केली नाहीस. वर्तमानपत्राकडेही गेली नाहीस. अर्धं पान लिहिलंस. केंद्राचा क्रमांक, तारीख, वेळ, नोंदवहीतला आकडा, पेटीतला आकडा, आणि मी स्वतः मोजलं म्हणून. एक प्रत पथकाच्या साहेबांना, एक तिकडच्याच निवडणूक कचेरीला. तो अधिकारी परत तेच बोलला तेव्हा तू माझं पत्र काढून त्याला हिंदीत सांगितलंस. त्यानं ती नोंदवही मागवून सीलबंद करून ठेवली. पुढे काही करेल की नाही, कोणास ठाऊक. पथकाचं निवेदन तुझ्या नावाशिवाय गेलंच, आणि तुला परत बोलावून खुलासा मागितला आहे.

आणि तू विचारलंस, "उद्या सभेत काय होईल ते सांगाल ना?"

सांगतो. शाळेच्या पडवीत सभा होती, साठ-सत्तर माणसं. सखुबाई पुढे, तिच्या दिराची दोन मुलं मागे भिंतीला टेकून. ग्रामसेवक म्हणाला, हा विषय पत्रिकेवर नाही. सखुबाई म्हणाली, "शेवटाला ऐनवेळचे विषय असतात ना? त्यात घे. आमी बसतो." दीड तास बसलो. पाणी, गटार, घरकुलांची यादी. मग सरपंच म्हणाल्या, बोला आजोबा.

मी मशीनचं सांगितलं, अंगठ्यांचं सांगितलं. काळुराम उठला. त्याचे केस आता पांढरे झालेत. तो ओरडला, "कोण रे तू? ठाण्यावरून येऊन आमच्या गावाची अब्रू काढतोस? कोणी पाठवला तुला?"

"मी," सखुबाई म्हणाली.

"माझ्या माणसानं काय बटण दाबलं ते मला माहीत नाही! मी निवडून आल्यावर टाकी आणली, ती काय चोरीची?"

"टाकी हाय, पानी कुटं हाय?" कुणी तरी मागून बोललं आणि हशा झाला. त्याचा चेहरा पडला. मला त्याची दया आली, खरंच. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

मला जगनचं बोलणं आठवलं. इथंही तेच. बाहेरचा येऊन शिकवतो म्हटलं की झालं, खरं-खोटं बाजूला राहतं.  पण मी बसलो नाही. म्हटलं, "मी बाहेरचाच आहे. तुमच्या गावानं काय करावं, कोणाला निवडावं, ते मी सांगायला आलो नाही. मी माझ्या हातानं काय केलं तेवढं सांगायला आलो."

"तुझ्या साहेबानं सांगितलं असेल, तू केलंस. मग त्याला धर!" काळुराम म्हणाला.

तिथं मला सुटता आलं असतं, दर्शना. साहेब मेलेले. तुलाही मी तसंच लिहिलं होतं. पण दिराची ती दोन मुलं माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, साहेबांनी नाही सांगितलं. साहेब खुर्चीत बसून रडत होते, त्यांनी वर कळवायला फोन हातात घेतला होता. मीच म्हटलं, साहेब, थांबा, वीटभट्टीवाले काही येत नाहीत. युक्ती माझी. मोठ्या माणसाला वाचवलं म्हणून मला तेव्हा अभिमान वाटला होता.

 मग दिराचा थोरला मुलगा सखुबाईकडे न बघता बाहेर गेला. धाकटा बसून राहिला. एवढंच. रडारड, गळाभेट काही झालं नाही.

ग्रामसेवक म्हणाला, इतिवृत्तात काय लिहू? सखुबाई म्हणाली, "बोलला तसं लिही." त्यानं लिहिलं, मी खाली सही केली, पूर्ण नाव. तोवर पलीकडे काळुराम तावातावानं बोलत होता, पुढच्या वेळी माझा स्वतःचा माणूस उभा राहील, मशीन शून्यावर आलेलं बघितल्याशिवाय रांग हलू देणार नाही. सखुबाई म्हणाली, तुझाच का, दोन्ही बाजूंचा पाहिजे, नाही तर मशीन चालूच करायचं नाही. कुणी म्हणालं ठराव करा, कुणी म्हणालं सरकारी नियम आहेच, ठराव कशाला. सरपंच टेबलावर हात आपटत होत्या. भांडण त्यांचं त्यांच्यात चांगलं पेटलं होतं आणि माझ्याकडे आता कोणी बघतही नव्हतं. मी चपला घातल्या आणि तुझ्या आईला म्हटलं, चल.

तुझ्या खुलाशाची तारीख आठ मे आहे. राकेशला तिकीट काढायला सांगितलंय, माझं आणि आईचं. तो कुरकुरला, पण काढलं. आत आम्हाला घेणार नाहीत, आम्ही बाहेर बाकावर बसू. ते विचारतील, तिकडच्या लोकशाहीची तुला काय पडली होती? त्याचं उत्तर देत बसू नकोस. तिकडे काय व्हायला हवं तेही सांगू नकोस. तू काय मोजलंस ते सांग. कोणी म्हणालं, अंदाजे दीडशे लिहून देऊ, मिटवून टाकू, तर एकशे साठच म्हण.

तुझा बाप,
रामा